अवलंबित्व व्यवस्थापन (आज्ञावलींचे)

अवलंबित्व व्यवस्थापन : एखादी आज्ञावली ज्या इतर आज्ञावलींच्या आधारावर चालते त्यांची निवड करणे, त्यांच्या आवृत्त्या ठरवणे आणि ठरलेल्या आवृत्त्या प्रत्येक यंत्रावर तशाच मिळतील याची सोय लावणे. आधाराच्या अशा घटकाला ‘पॅकेज’ म्हणतात. ‘अवलंबित्व’ हा शब्द परिभाषेतला. बोलताना सगळे ‘डिपेंडन्सी’च म्हणतात. मुक्तस्रोत (मूळ संहिता सर्वांना खुली असलेल्या) आज्ञावलींत हा प्रश्न अधिक तीव्र असतो, कारण एका पॅकेजमागे दहा आणि त्या दहांमागे शंभर अशी साखळी असते आणि त्यांचे कर्ते एकमेकांना बांधलेले नसतात.

आवृत्तिक्रमांक : बहुतेक पॅकेजांचा क्रमांक तीन अंकांचा असतो, उदा., २.४.१. पहिला अंक वाढला तर जुना वापर मोडू शकतो, दुसरा वाढला तर जुने शाबूत राहून नव्याची भर पडते आणि तिसरा वाढला तर फक्त दुरुस्ती झालेली असते. मराठी ग्रंथव्यवहारात ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांत असाच भेद अपेक्षित आहे. तो तिथेही सर्रास पाळला जात नाही, हे साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. पहिला अंक शून्य असेल तर कर्त्याने कोणतेही वचन दिलेले नाही असे समजावे.

या पद्धतीचे जनकत्व सहसा गिटहब या आज्ञावली साठवण्याच्या संकेतस्थळाचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांना दिले जाते. त्यांच्या ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ या नियमपत्राचा आरंभीचा मसुदा २०१० च्या आसपासचा असून आज प्रमाण मानला जाणारा २.०.० हा पाठ २०१३ चा आहे. मात्र सनओएस या प्रणालीतील सामायिक ग्रंथालय-संचिकांना (येथे ग्रंथालय म्हणजे तयार कार्यांचा संग्रह, संचिका म्हणजे फाइल) १९८० च्या दशकाच्या अखेरीसच प्रधान व गौण असे दोन अंक दिले जात होते आणि प्रधान अंक बदलला की जुना कार्यक्रम ती संचिका स्वीकारत नसे. अपाची प्रकल्पातील एपीआर या ग्रंथालयाची तीन अंकी नियमावलीही प्रेस्टन-वर्नर यांच्या मसुद्याआधीची दिसते. त्यांनी रूढ संकेताला नियमांची भाषा दिली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरावे. हा संकेत सर्वमान्य मात्र नाही. डॉनल्ड कनूथ यांच्या टेक्स या अक्षरजुळणी-प्रणालीचा क्रमांक प्रत्येक दुरुस्तीगणिक पायच्या किमतीजवळ सरकतो, तर उबुंटू ही संगणकप्रणाली वर्ष व महिना यांवरून क्रमांक देते. पुस्तकांच्या ग्रंथालयांसाठीच्या कोहा या प्रणालीने ३.२२ नंतर एकदम १६.०५ हा क्रमांक घेतला. मध्ये बारा आवृत्त्या गहाळ झालेल्या नाहीत, तो मे २०१६ आहे.

क्रमांक दशांश अपूर्णांक नसतो. १.१० ही १.९ च्या पुढची आवृत्ती होय. यॅमल या मांडणीतील (कार्यक्रमाच्या सूचना लिहिण्याच्या) संचिकेत पायथॉन या भाषेची आवृत्ती अवतरणचिन्हांशिवाय ३.१० लिहिली तर ती ३.१ अशी वाचली जाते आणि नको ती आवृत्ती मागितली जाते.

मर्यादा आणि कुलूप : कोणती आवृत्ती चालेल हे मर्यादेने सांगतात. एनपीएम या जावास्क्रिप्टची पॅकेजे बसवणाऱ्या साधनात ^१.२.३ म्हणजे १.२.३ पासून २.०.० च्या आतले काहीही आणि ~१.२.३ म्हणजे १.३.० च्या आतले. ^०.२.३ ची वरची हद्द मात्र १.०.० नसून ०.३.० आहे, येथे बरेच जण फसतात. मर्यादा ही इच्छा झाली; प्रत्यक्षात काय बसले याची नोंद कुलूप-संचिकेत, म्हणजे ‘लॉक फाइल’मध्ये असते. रूबी भाषेच्या बंडलर या साधनाने ती २०१० मध्ये रुळवली, एनपीएममध्ये ती २०१७ मध्ये आली. ही संचिका प्रकल्पासोबत जतन केलीच पाहिजे. सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा द्यावी. ती जुने सारे पुसून कुलपाबरहुकूम बसवते आणि मर्यादा व कुलूप जुळत नसल्यास थांबते. पायथॉनमध्ये पिप या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाची ‘पिप फ्रीझ’ ही आज्ञा बसलेल्या सर्व पॅकेजांचे नेमके क्रमांक देते, परंतु त्यांतले कोणते आपण मागितले आणि कोणते मागाहून आले हे त्या यादीवरून कळत नाही.

मागाहून आलेलेच बहुधा मोडते. पायथॉनमधील रिक्वेस्ट्स या, जालावरून माहिती मागवणाऱ्या पॅकेजची आवृत्ती २.२९ वरून २.३० झाली, म्हणजे दुसराच अंक वाढला. पण तिने खालच्या, म्हणजे रिक्वेस्ट्स ज्यावर चालते त्या, यूआरएललिब३ ची नवी, २.० ही आवृत्ती चालवून घेतली. त्या आवृत्तीला ओपनएसएसएल हे सुरक्षित संपर्काचे ग्रंथालय १.१.१ वा पुढचे लागते. सेंटओएस ७ या प्रणालीवर १.०.२ होते. २०२३ च्या मे महिन्यात अशा जुन्या यंत्रांवर आयात करतानाच कार्यक्रम कोसळू लागले आणि ज्या पॅकेजचे नाव आपल्या यादीतच नाही त्याचे नाव त्रुटीसंदेशात झळकले. उपाय एका ओळीचा : यादीत ‘यूआरएललिब३ <२’ असे लिहिणे.

सर्व मर्यादा पाळणारा संच शोधणे गणिती दृष्ट्या अवघड, एनपी-पूर्ण (नेहमी झटपट सोडवण्याची रीत ज्ञात नसलेल्या) वर्गातील आहे. गो भाषेने म्हणून चालेल त्यांतली जुन्यात जुनी आवृत्ती घेण्याचा सोपा नियम स्वीकारला.

पॅकेजांची तुलना : परवाना, शेवटच्या आवृत्तीची तारीख, सांभाळणाऱ्यांची संख्या आणि साखळीची लांबी या बाबी पाहतातच. गिटहबवर वापरकर्त्यांनी दिलेल्या चांदण्यांची संख्या हा निकष फारसा विश्वसनीय नाही. मराठीसाठी आणखी एक कसोटी अनिवार्य आहे. पीडीएफ पावती तयार करणाऱ्या पॅकेजकडून ‘सिंधुदुर्ग’ हा एक शब्द छापून घ्यावा. अक्षरजोडणीची सोय नसेल तर ऱ्हस्व वेलांटी ‘स’च्या उजवीकडे जाते आणि रफार ‘ग’वर न चढता ‘र’ला हलन्त लावून सुटा उभा राहतो. पायथॉनमधील एफपीडीएफ२ हलके आहे, पण त्यात अक्षरजोडणी मुद्दाम चालू करावी लागते आणि त्यासाठी यूहार्फबझ हे पॅकेज वेगळे बसवावे लागते. वीझीप्रिंट हे पॅकेज पँगो हे अक्षरजोडणीचे ग्रंथालय वापरत असल्याने देवनागरी नीट छापते. पँगो मात्र पिपने येत नाही, विंडोजवर ते स्वतंत्र बसवावे लागते. एकाच यंत्रावर काम असेल तर दुसरे आणि अनेक कार्यालयांत वाटायचे असेल तर पहिले सोयीचे.

नकाशांच्या कामात चूक त्रुटीसंदेशाशिवाय होते. जीडीएएल या नकाशांची माहिती हाताळणाऱ्या ग्रंथालयाच्या ३.० या २०१९ च्या आवृत्तीपासून ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशांच्या निर्देशपद्धतीत अक्षांश आधी व रेखांश नंतर असा अधिकृत क्रम पाळला जातो. पूर्वी उलट होता. ‘जीडीएएल २ वा पुढचे’ अशी वरून उघडी मर्यादा लिहिलेल्या जुन्या कार्यक्रमाला नवी आवृत्ती मिळाली, की रत्नागिरीचे बंदर (सुमारे १६.९९ उत्तर, ७३.३० पूर्व) ७३.३० उत्तर, १६.९९ पूर्व येथे, नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात जाते. बंदर पाण्यातच राहत असल्याने आकडे पाहणाऱ्याला ते चटकन खटकत नाही. कार्यक्रमात पारंपरिक क्रम स्पष्ट मागणे हा उपाय. शिवाय जीडीएएलचे पायथॉन-पॅकेज यंत्रावरील मूळ जीडीएएलच्या नेमक्या आवृत्तीचेच घ्यावे, अन्यथा ते बांधताना अडते.

जुने की नवे : क्रमांक गोठवावेत असे एक मत, सतत वाढवावेत असे दुसरे. लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावा-ग्रंथालयातील सुरक्षादोषानंतर २०२१ च्या एकाच डिसेंबरात २.१५.० ते २.१७.१ अशा चार सुधारित आवृत्त्या आल्या. गोठवून बसलेले उघडे पडले. याउलट २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या संचिका आकुंचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या अगदी ताज्या आवृत्त्यांत चोरदार (‘बॅकडोअर’) सापडले आणि डेबियन या प्रणालीच्या स्थिर शाखेत जुनी आवृत्ती असल्याने ती बचावली. सुरक्षेची दुरुस्ती तत्काळ व बाकीची वाढ काही आठवडे थांबून, हा मध्यममार्ग ग्राह्य वाटतो.

कोकण किनाऱ्यावर : पावसाळ्यात वीज व इंटरनेट खंडित होणे हा येथे नियोजनाचाच भाग धरावा लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांत अनेक दिवस दोन्ही नव्हते. त्यामुळे मृगापूर्वी पॅकेजे स्थानिक साठ्यात उतरवून ठेवणे श्रेयस्कर. ‘पिप डाउनलोड’ने यादीबरहुकूम संचिका एका फोल्डरात घ्याव्यात आणि बसवताना ‘नो-इंडेक्स’ व ‘फाइंड-लिंक्स’ हे पर्याय द्यावेत, म्हणजे पिप इंटरनेटऐवजी त्या फोल्डरातून घेते. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या पेनड्राइव्हवरूनही हे काम होते, फक्त त्याने मुंबईत विंडोज व पायथॉन ३.१२ वर उतरवलेल्या सगळ्याच संचिका गावच्या लिनक्स व ३.१० वर बसत नाहीत. उतरवतानाच लक्ष्य यंत्राची प्रणाली व पायथॉनची आवृत्ती सांगावी लागते, आणि तसे सांगितले की केवळ तयार बांधलेल्या संचिकाच घेण्याचा पर्यायही द्यावा लागतो.