‘रिपील’ या शब्दाचा सात वर्षांचा घोळ

2017 चा जुलैचा शेवटचा आठवडा आठवा. आपल्याकडे टीव्हीवर नुसतं बिहार चाललं होतं, मुख्यमंत्र्यांनी बुधवारी संध्याकाळी राजीनामा दिला, गुरुवारी सकाळी दुसऱ्या आघाडीतून परत शपथ घेतली आणि शुक्रवारी विश्वासदर्शक ठराव. त्याच शुक्रवारी आपल्या घड्याळात सकाळचे अकरा वाजत होते तेव्हा वॉशिंग्टनमध्ये रात्रीचा दीड वाजला होता आणि तिथल्या सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, ओबामाकेअरवरचं, म्हणजे ओबामांच्या 2010 च्या आरोग्यविमा कायद्यावरचं बिल 49 विरुद्ध 51 असं पडलं. सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाच्याच तिघांनी विरोधात मत दिलं म्हणून.

त्या रात्रीबद्दल अजूनही दोन तट आहेत. एक म्हणतो अध्यक्ष ट्रम्प यांच्या वागण्याने बिल बुडालं, रोज उठून कुणालातरी शिव्या दिल्या तर कोण मत देणार. दुसरा म्हणतो वागण्याचा काय संबंध, सात वर्षं लोकांना हा कायदा रद्द करायचा शब्द दिला आणि ऐन वेळी तिघांनी दगा दिला. दोन्हीत थोडं थोडं तथ्य आहे, पण दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात की त्या रात्री ‘रिपील’वर, म्हणजे कायदा रद्द करण्यावर, मतदान झालं. ते झालंच नव्हतं, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

जुन्या इतिहासात फार शिरत नाही. सरकारी आरोग्यविम्याची मागणी तिथे शंभर वर्षांपासून आहे, 1965 मध्ये म्हाताऱ्यांसाठी आणि गरिबांसाठी दोन योजना आल्या, बाकीच्यांचा विमा नोकरीला बांधलेला राहिला. एक मात्र सांगतो, अध्यक्षांचं वागणं आणि आरोग्यविमा या दोन गोष्टी एकमेकांत अडकण्याची ही पहिली वेळ नव्हती. 1974 च्या फेब्रुवारीत वॉटरगेट घोटाळ्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या अध्यक्ष निक्सन यांनी सगळ्यांसाठी विमा अशी योजना पाठवली होती, तेही रिपब्लिकन, आणि ऑगस्टमध्ये त्यांनाच राजीनामा द्यावा लागला. पुढे 1994 मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष क्लिंटन यांची आरोग्य योजना मेली आणि 1998 च्या डिसेंबरमध्ये त्यांच्यावरच महाभियोग लागला. तेव्हा चारित्र्य हाच मुद्दा म्हणणारे आणि खासगी आयुष्य सोडा, काम बघा म्हणणारे कोण होते ते जुन्या पेपरात काढून बघा. 2017 मध्ये दोघांनी भाषणं अदलाबदल करून वापरली.

आता 2010. कायदा 23 मार्चला सही होऊन आला आणि शेवटच्या मतदानात रिपब्लिकन पक्षाचं एकही मत त्याला नव्हतं. हाऊसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, 219 विरुद्ध 212. रिपब्लिकन लोकांचा राग अगदी खोटा नव्हता हेही मान्य करायला हवं. सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सची 60 मतं होती ती जानेवारीत मॅसॅच्युसेट्सच्या पोटनिवडणुकीत एकाने कमी झाली, मग डेमोक्रॅट्सनी सिनेटचं जुनंच बिल हाऊसमध्ये जसंच्या तसं पास केलं आणि दुरुस्त्या बजेटच्या खास वाटेने, म्हणजे ‘रिकन्सिलिएशन’ने केल्या. ही वाट लक्षात ठेवा, सात वर्षांनी तीच रिपब्लिकनांच्या पायात आली. वर ‘तुमचा प्लॅन आवडत असेल तर तो तसाच राहील’ हे आश्वासन 2013 मध्ये लाखो लोकांना पॉलिसी रद्द झाल्याची पत्रं आल्यावर फसलं, अध्यक्ष ओबामांना माफी मागावी लागली. आणि 2017 सालासाठी ॲरिझोनात बेंचमार्क प्लॅनचा, म्हणजे ज्यावरून सबसिडी ठरते त्या प्लॅनचा प्रीमियम एका वर्षात दुपटीहून जास्त झाला.

नोव्हेंबर 2010 मध्ये हाऊस रिपब्लिकनांकडे गेलं, 63 जागा वाढल्या, आणि 2011 च्या जानेवारीत पहिलं रिपीलचं मतदान, 245 विरुद्ध 189. तिथून पुढे पूर्ण नाहीतर थोडं थोडं रद्द करायची मतदानं पन्नासच्या वर गेली. सिनेट अडवायचं, नाहीतर वर अध्यक्षांचा व्हेटो, म्हणजे नकार बसायचा, म्हणजे मत फुकटचं. गावात परत जाऊन सांगायचं, मी रिपीलला मत दिलं. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये याच हट्टापायी सरकार 16 दिवस बंद ठेवलं, आणि गंमत म्हणजे त्याच दिवसांत कायद्याची वेबसाइट कोसळली होती, पण बातमी शटडाऊनचीच झाली.

तर आता त्या शब्दाकडे येऊ.

आपल्याला रिपील म्हटलं की तीन कृषी कायदे आठवतात. 29 नोव्हेंबर 2021, एक छोटं बिल, चर्चा नाही, दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी मंजूर, विषय संपला. रद्द म्हणजे रद्द. अमेरिकेत तसं करायचं तर सिनेटमध्ये 60 मतं लागतात, कारण विरोधी पक्ष चर्चाच संपू देत नाही. रिपब्लिकनांकडे होती 52. म्हणून त्यांना रिकन्सिलिएशनच्या वाटेने जावं लागलं, तिथे साध्या बहुमतात काम होतं, पण अट अशी की बिलात फक्त कर आणि खर्च यांच्याशी संबंधित गोष्टी हव्यात. आणि ओबामाकेअर म्हणजे नुसता कर आणि खर्च नाही. त्याचं एक अंग आहे सबसिडी आणि गरिबांच्या योजनेचा विस्तार, जो तोवर 31 राज्यांनी घेतला होता. दुसरं अंग सक्ती, विमा घेतला नाही तर दंड, 2016 मध्ये माणशी 695 डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, जे जास्त असेल ते. आणि तिसरं अंग विमा कंपन्यांवरचे नियम, की आधीपासून आजार आहे म्हणून कुणाला नाकारायचं नाही, जास्त पैसे लावायचे नाहीत.

हे तिसरं अंग काय चीज आहे ते ज्यांचे आईवडील व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी जातात त्यांना बरोबर माहिती असतं. आमची मावशी न्यू जर्सीला गेली तेव्हा मावसभाऊ रात्री दोनपर्यंत व्हिजिटर इन्शुरन्सच्या साइट चाळत बसला होता, प्रत्येक ठिकाणी खाली बारीक अक्षरात तेच, ‘प्री-एक्झिस्टिंग’ सोडून बाकी सगळं कव्हर. मावशीला डायबेटिस आणि बीपी, मग राहिलं काय, पाय घसरून पडली तर. तिथे राहणाऱ्या लाखो लोकांची 2014 च्या आधी हीच गत होती, ज्यांना नोकरीचा विमा नव्हता ते.

तर रिकन्सिलिएशनने हे नियम सरळ काढता येत नव्हते, फक्त पैसा काढता येत होता. म्हणजे कंपन्यांनी आजारी माणसाला घ्यायचंच, पण निरोगी माणसावर सक्ती नाही आणि गरिबाला सबसिडी नाही. भिशीत पैसे भरणारे कमी आणि उचलणारे तेवढेच, किती दिवस चालणार? म्हणून रिपील या एकाच शब्दाखाली 2017 मध्ये वेगवेगळी चार-पाच बिलं फिरत होती. रिपील अँड रिप्लेस, म्हणजे काढून दुसरं बसवू. रिपील अँड डिले, म्हणजे आत्ता काढू आणि पर्याय दोन वर्षांत बघू. आणि शेवटी ‘स्किनी’ रिपील, ज्यात मुख्यतः सक्तीवरचा दंडच काय तो जाणार होता. शब्द तोच ठेवला कारण मतदाराला तोच पाठ होता. आणि त्या मतदारालाही ओबामाकेअर आणि कायद्याचं खरं नाव, अफोर्डेबल केअर ॲक्ट, हे एकच आहे हे सगळ्यांना माहिती नव्हतं, पाहण्यांमध्ये कायदा चालायचा, ओबामाकेअर नको असायचं.

खरा पुरावा 26 जुलैचा आहे, ज्याच्याबद्दल कुणी फार बोलत नाही. 2015 च्या डिसेंबरमध्ये सिनेटने रिपील अँड डिलेसारखंच बिल पास केलं होतं, 52 विरुद्ध 47, ते जानेवारीत व्हेटो झालं, आणि व्हेटो होणार हे सगळ्यांना आधीच माहिती होतं. दीड वर्षाने तेच बिल थोड्या फरकाने परत आणलं, आता व्हेटो करणारं कुणी नाही, सही करायला अध्यक्ष पेन घेऊन बसलेले, तर 45 विरुद्ध 55 ने पडलं. सात रिपब्लिकन विरोधात गेले आणि त्यातल्या सहांनी 2015 मध्ये होय म्हटलं होतं. मग दगा नक्की कधी दिला, 2017 ला की 2015 ला?

आता वागण्याची बाजू. दोन कॅलेंडर शेजारी ठेवली की दिसतं. 20 मार्चला एफबीआय या तपास संस्थेच्या संचालकांनी, निवडणुकीत ट्रम्प यांच्या प्रचाराचे रशियाशी संबंध होते का याची चौकशी चालू आहे असं उघडपणे सांगितलं, 24 मार्चला हाऊसमधलं बिल मतं नाहीत म्हणून मागे घेतलं. 4 मेला तेच बिल सुधारून 217 विरुद्ध 213 ने पास झालं, किती लोकांचा विमा जाईल याचा हिशोब यायच्या आधीच, आणि खासदार बसमध्ये बसून व्हाईट हाऊसच्या बागेत जल्लोष करायला गेले. पाचव्या दिवशी संचालकांना काढलं. 17 मेला विशेष चौकशी अधिकारी नेमला गेला आणि 24 तारखेला हिशोब आला, 2026 पर्यंत 2 कोटी 30 लाख जास्त लोक विम्याविना. जूनमध्ये तर अध्यक्षांनीच, ज्या बिलासाठी बागेत पार्टी केली त्याला सिनेटर्ससोबतच्या जेवणात ‘मीन’ म्हणजे निर्दयी म्हटल्याची बातमी आली. ज्यांनी गावातल्या सभांमध्ये लोकांची ओरड सहन करून मत दिलं होतं त्यांना काय वाटलं असेल.

जुलैत तर कहर. 24 तारखेला स्काऊटच्या मुलांच्या मेळाव्यात आरोग्यमंत्र्यांना शेजारी उभं करून, मतं आणली नाहीस तर काढून टाकीन असा विनोद. 26 ला अलास्काच्या सिनेटरबाईंवर ट्वीट, की त्यांनी पक्षाला आणि देशाला निराश केलं. शिवाय त्यांच्या राज्याला त्रास होईल अशा अर्थाचे मंत्र्यांचे फोन गेल्याच्या बातम्या. आणि ॲरिझोनाचे सिनेटर जॉन मॅकेन यांच्याबद्दल तर 2015 मध्येच बोलून झालं होतं, युद्धात पकडले गेले म्हणून त्यांना हीरो म्हणतात, मला न पकडलेले आवडतात. पाच वर्षांहून जास्त व्हिएतनामच्या तुरुंगात काढलेला माणूस.

एक सांगून ठेवतो, तिथे आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. व्हिप असतो, पण व्हिप मोडला म्हणून सदस्यत्व जात नाही. त्यामुळे एकेका मताला माणूस म्हणून मनवावं लागतं, आणि तिथे वागणं कामाला येतं किंवा नडतं.

त्या रात्रीचं बिल आठ पानांचं होतं आणि रात्री दहाच्या सुमाराला बाहेर आलं. काही रिपब्लिकन सिनेटर्स आधी पत्रकार परिषद घेऊन सांगत होते की हे बिल कायदा होणार नाही याची हमी द्या, मग मत देतो! म्हणजे हो म्हणणाऱ्यांनाही ते नकोच होतं. आधीचं एक मतदान तासाभराहून जास्त उघडं ठेवलं, उपाध्यक्ष स्वतः ॲरिझोनाच्या सिनेटरशी बोलत उभे. मेंदूच्या कॅन्सरचं निदान जाहीर होऊन जेमतेम नऊ दिवस झालेले, डोळ्याच्या वर ऑपरेशनची ताजी खूण. नाव पुकारलं तेव्हा ते नव्हते. मग आत आले, पुढे क्लार्कच्या टेबलापर्यंत गेले, हात समोर धरला, त्याने आपल्याकडे बघेपर्यंत थांबले आणि अंगठा खाली केला. डेमोक्रॅट बाकांवरून आवाज उठला तर त्यांच्या नेत्याने हाताने गप्प केलं.

म्हातारबाबांनी सूड घेतला असं बरेच जण म्हणतात. असेलही थोडा. पण त्यांनी दिलेलं कारण वेगळं होतं, की नीट कमिटीत नेऊन, सुनावण्या घेऊन, दोन्ही पक्षांनी मिळून करा. आणि तीन दिवस आधी चर्चा सुरू करायला त्यांनीच मत दिलं होतं म्हणून ती चर्चा 51-50 ने सुरू झाली, हे त्यांना देव करणाऱ्यांनी विसरू नये. मेन राज्याच्या आणि अलास्काच्या दोघी बायका मात्र पहिल्यापासून नाही म्हणत होत्या, त्यांच्या वाट्याला एवढी हेडलाइन आली नाही.

पुढे सप्टेंबरमध्ये आणखी एक प्रयत्न मतदानाआधीच गुंडाळला. डिसेंबरमध्ये करांच्या बिलात दंड शून्य डॉलर केला, 2019 पासून लागू. म्हणजे विमा घेतला पाहिजे हे वाक्य कायद्यात तसंच राहिलं, दंडाच्या जागी शून्य. म्हणजे स्किनी रिपीलचा मुख्य भाग पाच महिन्यांनी गुपचूप झालाच, आणि त्या वेळी ॲरिझोनाच्या आणि अलास्काच्या सिनेटरनी त्याच बिलाला हरकत घेतली नाही. शून्य दंड म्हणजे कर नाही, म्हणून सगळा कायदाच घटनाबाह्य, असा निकाल 2018 मध्ये टेक्सासच्या न्यायाधीशांनी दिला, तो 2021 मध्ये सुप्रीम कोर्टात 7-2 ने उडाला. 2018 च्या निवडणुकीत डेमोक्रॅट उमेदवार प्री-एक्झिस्टिंग, प्री-एक्झिस्टिंग करत फिरले आणि हाऊस जिंकलं, मग त्याच हाऊसने 2019 च्या डिसेंबरमध्ये ट्रम्प यांच्यावर वागण्यावरून महाभियोग लावला. म्हणजे विम्यावर निवडून आले आणि वागण्यावर खटला भरला.

2025 मध्ये तेच अध्यक्ष परत आल्यावर 4 जुलैला सही झालेल्या मोठ्या बिलात गरिबांच्या योजनेला कात्री लागली, रिकन्सिलिएशननेच. ओबामाकेअरची वाढीव सबसिडी चालू ठेवा म्हणून ऑक्टोबरपासून 43 दिवस सरकार बंद राहिलं, यावेळी अडवणारे डेमोक्रॅट होते, आणि ती सबसिडी 31 डिसेंबरला संपली ती संपलीच. त्या मोठ्या बिलाच्या नावात रिपील हा शब्द कुठेही नव्हता.