पट्टे कुठून सुरू होतात?

रोपलावण सुरू झाली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सापांचे फोटो यायला लागतात आणि फोटोंखाली वाद रंगतात. कौलारू घराच्या भिंतीवर पट्टेरी साप दिसला की निम्मे लोक ‘मण्यार’ म्हणून मोकळे होतात. बहुतेकदा तो पालीच्या मागे चढलेला बिनविषारी कवड्या असतो. मण्यार सहसा जमिनीवरच वावरते.

पट्टे बघायचे ते कुठून सुरू होतात यासाठी. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं नेमकं उलटं. डोक्याकडचा भाग जवळपास कोरा, निळसर काळा, चकचकीत. बारीक पांढरे पट्टे, बरेचदा जोडीजोडीने, मागच्या भागात स्पष्ट होतात. पण मण्यारीच्या पिल्लाला मानेपर्यंत पट्टे असू शकतात, आणि एखाद्या मण्यारीला ते नसतातच. पक्की खूण पाठीच्या मधोमध सापडते. फोटो मोठा करून बघा, तिथल्या ओळीतले खवले षटकोनी आणि शेजारच्यांपेक्षा मोठे दिसले तर ती मण्यार. कवड्याला असे खवले नसतात. हे सगळं लांबून काढलेल्या फोटोवर. फोटोसाठी जवळ जाणाऱ्याला काय म्हणावं!

उसाच्या फडात दुसरी गफलत होते. घोणस आणि डुरक्या घोणस दोघीही जाड, सुस्त, ठिपकेवाल्या. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या, काळ्या काठाच्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, डोकं त्रिकोणी आणि फूत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. डुरक्याचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, आणि शेपूट आखूड. ती बिनविषारी.

चावा झाल्यावर मात्र साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नसते. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच आहे. शिवाय डॉक्टर लक्षणं बघतात. मण्यारीच्या चाव्यात दुखणं, सूज फारशी नसते, पण काही तासांत पापण्या जड होऊन मिटू लागतात. घोणशीसाठी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय. जांबोटी-चोर्ल्याच्या रानातला चापडा, म्हणजे झाडाझुडपांवर राहणारा विषारी साप, मात्र या चौघांत येत नाही. तेव्हा साप झाडावर होता का आणि रंग कोणता, एवढं डॉक्टरांना जरूर सांगा.