क्रिस्टल पॅलेस ध्वनिमुद्रण, १८८८ (हँडेलचा ‘इस्रायल इन इजिप्त’)

लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या भव्य इमारतीत शुक्रवार, २९ जून १८८८ रोजी हँडेल महोत्सवात ‘इस्रायल इन इजिप्त’ हा इंग्रजी ऑरेटोरिओ गायला गेला. त्यातील काही समूहगानांचे मुद्रण टॉमस एडिसनचे इंग्लंडमधील प्रतिनिधी कर्नल जॉर्ज गूरो यांनी फोनोग्राफ या ध्वनिमुद्रण यंत्रावर, मेणाच्या नळकांड्यांवर केले. सादरीकरण चालू असताना सभागृहातच झालेल्या आणि आजही ऐकता येणाऱ्या समूहगायनाच्या मुद्रणांमध्ये हे सर्वांत जुन्यांपैकी एक आहे. त्यात शब्द जवळपास कळत नाहीत, खरखर मात्र सतत असते. तरीही संगीताच्या इतिहासात या नळकांड्यांना मोठे स्थान आहे, कारण चार हजार कंठांचा आवाज आणि त्याच्याभोवती घुमणारी एक अवाढव्य इमारत या दोन्ही गोष्टी त्यांत एकत्र अडकल्या आहेत.

ऑरेटोरिओत अभिनय, वेशभूषा किंवा नेपथ्य नसते. बहुधा धार्मिक असलेली कथा एकल गायक, गायकवृंद आणि वाद्यवृंद मिळून गाऊन सांगतात. मराठी वाचकाला जवळची तुलना कीर्तनाची वाटेल. कोकणातील बेने इस्राएल समाजाने तर एकोणिसाव्या शतकात याच बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने केली. फरक असा, की कीर्तनात आख्यान एका बुवाच्या खांद्यावर असते आणि ‘इस्रायल इन इजिप्त’मध्ये ते जवळजवळ पूर्णपणे समूहाच्या कंठात आहे. एकल गाणी मोजकीच आहेत. कथा इस्राएली लोकांच्या मिसरमधील (इजिप्तमधील) गुलामगिरीची आणि सुटकेची आहे, पण त्यांचा नेता मोशे किंवा मिसरचा राजा फारो अशी पात्रे गायला उभीच राहत नाहीत. गुलामगिरीत कण्हणारे, पीडांचे वर्णन करणारे आणि सुटकेनंतर स्तुती गाणारे सगळे लोकच आहेत. शब्द बायबलमधील ‘निर्गम’ आणि ‘स्तोत्रसंहिता’ यांतून घेतलेले आहेत.

जर्मनीत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये स्थायिक झालेल्या जॉर्ज फ्रिडरिक हँडेलने ही रचना १७३८ च्या ऑक्टोबरात जेमतेम महिन्याभरात लिहिली. पहिला प्रयोग ४ एप्रिल १७३९ रोजी हेमार्केटमधील किंग्ज थिएटरमध्ये झाला. इटालियन ऑपेराच्या एकल गायकीला सरावलेल्या श्रोत्यांना हे कोरसमागून कोरस रुचले नाहीत. हँडेलने लगेच पुढच्या प्रयोगासाठी कोरस कमी केले आणि इटालियन गाणी घातली. मूळ रचनेचे तीन भाग होते. पहिला भाग इंग्लंडच्या कॅरोलाइन राणीच्या अंत्यविधीसाठी आधी लिहिलेल्या शोकगीताचाच बदललेला पाठ होता. पुढे तो गाळून उरलेले दोनच भाग गाण्याची प्रथा पडली. स्ट्राडेला, एर्बा आणि केर्ल या जुन्या संगीतकारांच्या रचनांतूनही हँडेलने या कामात बरेच उचलले आहे. असे उचलणे त्या काळी निषिद्ध नव्हते आणि ऐकताना ते सांधे जाणवत नाहीत.

मिसर देशावर आलेल्या पीडा हा रचनेतला सर्वांत चित्रमय भाग. बेडकांच्या गाण्यात व्हायोलिनचे स्वर टुणटुण उड्या मारतात, माश्यांच्या कोरसमध्ये तीच वाद्ये भणभणत राहतात. गारांची सुरुवात विरळ थेंबांसारख्या तुटक स्वरांनी होते आणि पाहता पाहता दोन गायकवृंद एकमेकांवर कोसळू लागतात. त्यानंतर काळोख येतो. ‘दाट, हाताला लागेल असा अंधार’ हे वर्णन गायकवृंद इतक्या हळू, चाचपडत गातो, की गारांचा गोंगाट एकदम विसरायला होतो. शेवटच्या भागात तांबडा समुद्र ओलांडल्यावरचे मोशेचे गीत आहे. त्याच्या आरंभी ‘मोशे आणि इस्राएल लोकांनी परमेश्वराला हे गीत गाइले’ ही घोषणा जड पावलांच्या, रुंद स्वरसंघातांत (एकाच वेळी उमटणाऱ्या अनेक स्वरांत) येते आणि घोडा व स्वार यांना समुद्रात फेकल्याचा जल्लोष तिच्या पाठोपाठ सुरू होतो. १८८८ च्या मुद्रणातील सर्वाधिक ऐकला जाणारा तुकडा या घोषणेचाच आहे.

हँडेलच्या काळात गायकवृंद तीसेक जणांचा असे. क्रिस्टल पॅलेसमध्ये तो चार हजारांवर गेला, वाद्यवृंद सुमारे ५०० जणांचा होता आणि त्या दिवशी श्रोते २३ हजारांहून अधिक होते. एवढे कंठ एकत्र येण्यामागे इंग्लंडमधील हौशी समूहगायनाची मोठी चळवळ होती. टॉनिक सोल-फा या सोप्या लेखनपद्धतीमुळे कारागीर, शिक्षक, दुकानदार स्वरलिपी वाचू लागले होते. नोव्हेलो प्रकाशनाच्या स्वस्त स्वरलिपी पुस्तिकांमुळे हँडेल घरोघरी पोचला होता. १८५७ च्या पूर्वतयारीनंतर १८५९ मध्ये हँडेलच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा मोठा महोत्सव भरला आणि पुढे तो साधारण दर तीन वर्षांनी होऊ लागला. प्रथम मायकल कोस्टा आणि १८८३ पासून ऑगस्ट मान्स यांनी संचालन केले. २९ जूनला मान्सच उभे होते. या भव्यतेवर सगळेच खूश नव्हते. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी १८९१ मध्ये संगीतसमीक्षक म्हणून लिहिताना, अशा महोत्सवांवर पैसा घालवण्यापेक्षा वीस कसलेल्या गायकांचा ‘मसाया’ हा हँडेलचाच ऑरेटोरिओ ऐकवा, अशी मागणी केली. आजच्या सादरीकरणांनी शॉ यांचाच मार्ग धरला आहे आणि हँडेलच्या गुंफणीसाठी तो योग्यही आहे. पण चार हजार हौशी माणसांनी महिनोन्‌महिने तालमी करून उभ्या केलेल्या त्या आवाजालाही स्वतःचा मान आहे.

एडिसनने टिनच्या पत्र्याचा फोनोग्राफ १८७७ मध्ये बनवला आणि मग तो बरीच वर्षे बाजूला ठेवला. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या सहकाऱ्यांनी मेणावर कोरणारा ग्राफोफोन पुढे आणल्यावर एडिसन पुन्हा कामाला लागला आणि जून १८८८ च्या मध्यास सुधारित यंत्र तयार झाले. ते लगोलग लंडनला, गूरो यांच्याकडे पाठवण्यात आले. गूरो क्रिस्टल पॅलेसच्या जवळच, अपर नॉरवूडमध्ये राहत. घराला त्यांनी ‘लिटल मेन्लो’ असे नाव दिले होते. यंत्र हाती आल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी ते महोत्सवात नेले.

त्या यंत्राला वीज लागे ती फक्त नळकांडे फिरवण्यासाठी. आवाज वाढवणारे काहीही त्यात नव्हते. हवेतली कंपने कर्ण्यातून पातळ पडद्यावर पडत, पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणात खाच कोरत जाई आणि दोनेक मिनिटांत नळकांडे भरे. म्हणून गाणाऱ्याने कर्ण्यात जवळजवळ तोंड घालून गावे लागे. इथे यंत्र वृत्तपत्र प्रतिनिधींच्या सज्जात, गायकांपासून शंभर यार्डांहून, म्हणजे ९० मीटरपेक्षा दूर होते. मेणावर काही उमटले हेच नवल. एकट्या गायकाचा आवाज तिथवर पोचून खाच कोरू शकला नसता. हजारोंचा आवाज पुरला.

ऐकणाऱ्याने सुरुवातीला खरखरीखालचा भरती-ओहोटीसारखा चढउतार शोधावा. दोन-तीन वेळा ऐकल्यावर स्वरसंघात वेगळे होऊ लागतात आणि मग चाल लक्षात येते. ती आजच्या मानाने फारच संथ आहे. एवढा जमाव हलवायचा, त्यात काचेच्या छताखालचा प्रतिध्वनी सांभाळायचा, तर दुसरा इलाज नव्हता. लयीबाबत नेमका निष्कर्ष काढताना सावध राहावे लागते, कारण नळकांडे किती वेगाने फिरवायचे यावर गती आणि स्वराची उंची दोन्ही अवलंबून असतात. वाद्यवृंदाचा तपशील, चार आवाजांची वेगवेगळी वाट, व्यंजने, यांतले फारसे काही हाती लागत नाही.

हे ‘जगातले पहिले संगीतमुद्रण’ असल्याचे पुष्कळदा लिहिले गेले. आता ते बरोबर नाही. एदुआर लेओन स्कोत द मार्तेंव्हील यांनी पॅरिसमध्ये १८६० साली काजळी लावलेल्या कागदावर उमटवलेल्या फ्रेंच गाण्याच्या रेषांतून २००८ मध्ये संगणकाच्या मदतीने आवाज काढता आला. सेंट लुइस येथे १८७८ मध्ये टिनच्या पत्र्यावर मुद्रित झालेले कॉर्नेट या फुंकवाद्याचे वादनही २०१२ मध्ये ऐकता आले. मात्र स्कोत यांच्या रेषा पुन्हा वाजवण्यासाठी नव्हत्याच.

गूरो यांनी त्याच वर्षी लंडनमध्ये फोनोग्राफची प्रात्यक्षिके केली. ऑक्टोबरमध्ये संगीतकार आर्थर सलिव्हन यांनी फोनोग्राफवरच एडिसनला निरोप पाठवला: शोधाने आपण थक्क झालो आहोत आणि किती भयंकर, वाईट संगीत आता कायमचे नोंदले जाईल या विचाराने थोडे घाबरलोही आहोत. क्रिस्टल पॅलेस ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री जळून गेला. महोत्सव त्याआधी दहा वर्षे थांबला होता. उरलेली नळकांडी अमेरिकेत न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे, एडिसनच्या प्रयोगशाळेच्या राष्ट्रीय स्मारकात जतन केलेली आहेत. ऐकायला मिळतात त्या त्यांच्यावरून केलेल्या प्रती.