एम कॅन्सल होतो, मग हलकी गाडी भारी कशी?

रविवारी सकाळी साडेसहाला ऐरोली पुलावर भाचीने एक प्रश्न टाकला आणि तो दुपारपर्यंत काही पिच्छा सोडेना. ती अकरावीला आहे आणि मी दादरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, त्यामुळे "मामाला विचार" हे आमच्या घरातलं कायमचं वाक्य. आम्ही चाललो होतो नवी मुंबईत, एका मोठ्या मोकळ्या पार्किंगच्या जागेवर ऑटोक्रॉस होता तिकडे. मित्राने त्याची छोटी टू-सीटर उतरवली होती, मला म्हणाला तुझी पण आण, दोन-दोन रन मारू.

भाची म्हणाली, "मामा, वळणावर गाडी कधी घसरते ते गणित आम्ही केलंय. एका बाजूला एम व्ही स्क्वेअर बाय आर, म्हणजे वळायला लागणारं बळ, दुसऱ्या बाजूला म्यू एम जी, म्हणजे टायरची पकड. एम, म्हणजे गाडीचं वस्तुमान, दोन्हीकडून उडतो. मग हलकी गाडी वळणावर भारी असं सगळे का म्हणतात?"

मी म्हटलं आधी चहा घेऊ. खरं सांगायचं तर मला वेळ काढायचा होता.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या जागेत प्लास्टिकचे केशरी कोन मांडून केलेला नागमोडी रस्ता. एका वेळी एकच गाडी, शर्यत फक्त घड्याळाशी. आपल्याकडे बऱ्याचदा मातीवर होतो, हा डांबरावर होता. प्रत्येक कोनाच्या भोवती जमिनीवर खडूने चौकोन काढलेला असतो, कोन पडला किंवा चौकोनाच्या बाहेर सरकला की दोन सेकंद दंड, नुसता हलला आणि आतच उभा राहिला तर माफ. स्पीड ऐकून लोक नाक मुरडतात, पन्नास-साठ म्हणजे काय, तेवढं तर फ्रीवेवर माझी आई पण जाते. पण त्याच पन्नासला एका पाठोपाठ एक अशी वळणं घेऊन बघा (तिथेच, पाम बीच रोडवर नाही, प्लीज), मग कळतं.

आता भाचीचं गणित. ते चुकीचं नाही. वळणाची त्रिज्या १५ मीटर आणि म्यू १ धरला तर वर्गमूळ काढून ताशी ४४ किमी येतात, आणि त्या हिशोबात गाडी नॅनो आहे का डंपर हे कुठेच विचारलेलं नाही. घोळ आहे तो म्यू मध्ये, म्हणजे वजनाच्या किती पट पकड मिळते त्या घर्षणाच्या आकड्यात. पुस्तकात म्यू हा पृष्ठभागांच्या जोडीचा एक ठरलेला आकडा असतो, वजन कितीही टाका, तो हलत नाही. हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँतोंचा, १६९९ चा, लाकडावर लाकूड, लोखंडावर लोखंड असं असेल तर बऱ्यापैकी चालतो. रबर मात्र त्याला जुमानत नाही.

रबर मऊ असतं. डांबर आपल्याला सपाट वाटतं पण जवळून बघितलं तर बारीक खडीचे डोंगर आहेत, आणि टायर त्या डोंगरांच्या शेंड्यांवर बसतो, शेंडे रबरात रुततात. पकड दोन गोष्टींतून येते, एक म्हणजे रबर त्या शेंड्यांना अक्षरशः चिकटतं, आणि दुसरं म्हणजे शेंड्यावरून सरकताना रबर दबतं आणि पुन्हा पूर्ण उसळी न घेता थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतं. दोन्हीसाठी महत्त्वाचं काय, तर खरोखर किती रबर खडीला टेकलंय. वजन वाढवलं की टेकलेलं क्षेत्र वाढतं हो, पण त्याच पटीत नाही. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झने १८८२ मध्ये गोलाकार वस्तू सपाट पृष्ठभागावर दाबली तर काय होतं त्याचं गणित मांडलं, त्यात वजन दुप्पट केलं की संपर्काचं क्षेत्र साधारण १.६ पटच होतं. खऱ्या टायरमध्ये इतकी कंजुषी नसते, शेंडे हजारो असतात आणि वजन वाढलं की नवे शेंडे पण टेकतात, पण दिशा तीच. वजन वाढलं की पकड वाढते, पण दर किलोमागे मिळणारी पकड कमी होत जाते. म्हणजे म्यू घसरतो.

म्हणजे एम कॅन्सल होतच नाही, तो मागच्या दाराने म्यू मध्ये शिरतो. हे मी तिला वडापाव खाता खाता सांगितलं आणि ती म्हणाली, "मग हे पुस्तकात का नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी तिसरा वडापाव मागवला.

पण एवढ्यावर सुटका नाही, कारण जड गाडीला रुंद टायर लावून तुम्ही बरंचसं भरून काढू शकता, आणि कंपन्या तेच करतात. खरी मजा पुढे आहे.

मैदानावर जायच्या आधी आम्ही दोन्ही गाड्या ट्रकच्या वजनकाट्यावर चढवल्या होत्या. काट्यावरचा माणूस दोघांकडे असा बघत होता की आम्ही भंगारात द्यायला आलोय. टू-सीटर अर्ध्या टाकीसकट ९६० किलो, माझी घरची उंच गाडी १३२०. आता गाडी वळते तेव्हा काय होतं, बेस्टच्या बसमध्ये उभं राहून जे होतं तेच, सगळं बाहेरच्या बाजूला कलतं. किती कलतं ते तीन गोष्टींवर: वजन, गुरुत्वमध्याची उंची, आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. उंची मी अंदाजाने धरली, टू-सीटरची ४६ सेंमी, माझ्या गाडीची ६५. गुरुत्वाकर्षणाच्या नव्वद टक्के जोराने वळलं तर टू-सीटरमध्ये आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातात साधारण २८० किलो. सरळ उभी असताना दोन्ही बाजूंना ४८०, वळताना आत २०० आणि बाहेर ७६०. माझ्या गाडीत मात्र ५१५ किलो सरकतात, आत उरतात जेमतेम १४५ आणि बाहेरच्या दोन बिचाऱ्या टायरवर ११७५.

आता हे मगाशीच्या रबराला जोडा. समजा एका टायरवर २५० किलो असताना म्यू १ आहे, १०० किलोवर १.१ आणि ४०० किलोवर ०.९. दोन टायर सारखे लोड असतील तर पकड ५०० किलोची. पण वजन १०० आणि ४०० असं वाटलं गेलं तर ११० अधिक ३६०, म्हणजे ४७०. एकूण वजन तेवढंच, टायर तेच, रस्ता तोच, आणि ३० किलोची पकड हवेत गेली. भरलेल्या टायरला वर जे दिलं त्याचा त्याला पूर्ण उपयोग नाही आणि रिकाम्या टायरकडे जे होतं ते काढून घेतलं. म्हणून गाडी नुसती हलकी असून भागत नाही, बुटकी आणि पसरट पण लागते. आपली पद्मिनी, कुर्ल्याला बनायची, ती काही फार जड नव्हती, ९०० किलोच्या आसपास, पण जेवढी रुंद जवळजवळ तेवढीच उंच. २०२३ पर्यंत काळ्यापिवळ्या टॅक्सीत मागच्या सीटवर बसून वळण घेतलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

रनच्या आधी डिकी रिकामी करायची सक्ती असते, सुटं काही आत नको. माझ्या डिकीतून निघालं ते असं: दोन छत्र्या, पाच लिटरचं पाण्याचं कॅन, भाचीची जुनी बॅट, बहिणीने "उद्या नेते" म्हणून ठेवलेली तांदळाची गोणी, आणि एक सिंगल चप्पल. सगळं मिळून वीस-बावीस किलो असेल. वजन म्हणून किरकोळ, पण ते बसलं होतं गाडीच्या अगदी शेपटीला, आणि तिथे ते जास्त त्रास देतं. कांदे-बटाट्याच्या दोन पिशव्या स्कूटरच्या पायाजवळच्या हुकला लावा आणि मग त्याच हँडलच्या दोन टोकांना लटकवा, वजन तेच, पण दुसऱ्या वेळी हँडल वळवायलाही जोर आणि वळलेलं थांबवायलाही. हे अंतराच्या वर्गावर चालतं, दुप्पट लांब तर त्रास चौपट. ऑटोक्रॉसमध्ये स्लॅलम असतो, कोनांची सरळ रांग, एक डावीकडून एक उजवीकडून, तिथे दर सेकंदाला गाडीला एका बाजूला फिरवायचं, थांबवायचं आणि उलटं फिरवायचं असतं. म्हणूनच १९९६ च्या लोटस एलिस या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन सीटच्या मागे, पण मागच्या चाकांच्या पुढे ठेवलंय, आणि १९८९ च्या माझदा एमएक्स-५ मध्ये पुढेच पण शक्य तेवढं आत ढकललंय. एलिसची तर अॅल्युमिनियमची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, चिकटवून बनवलेली, चासीचं वजन फक्त ६८ किलो! माझ्यापेक्षा हलकी.

पहिला रन मी माझ्याच गाडीत मारला, भाची बाजूला. तिसऱ्या वळणाला स्पीड जास्त झाला, मी ब्रेक दाबला आणि त्याच वेळी स्टिअरिंगही पूर्ण कापलं, आणि गाडी वळायची सोडून सरळ चालत राहिली, टायर किंचाळतायत, समोर कोन मोठा मोठा होत येतोय. धप्प. चूक शंभर टक्के माझी. टायरकडे पकडीचा पगार ठरलेला असतो, समजा १००, त्यातूनच ब्रेकचा हप्ता आणि त्यातूनच वळणाचा. पण हिशोब साध्या वजाबाकीचा नाही. दोन्ही बळं काटकोनात लागतात, त्यामुळे वळायला ८० वापरले तर ब्रेकला २० नाही, ६० उरतात. भाची लगेच म्हणाली, "पायथागोरस!" हो, तोच, तीन-चार-पाचचा त्रिकोण. मी सगळे १०० ब्रेकला देऊन बसलो होतो, मग वळायला शून्य. चांगले ड्रायव्हर करतात काय, तर सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक, आणि जसजसं स्टिअरिंग वळतं तसतसा ब्रेकवरून पाय हळूहळू उचलत जातात, त्रिकोणाच्या कडेकडेने.

दुसरी चूक म्हणजे मी कोनाकडे बघत होतो. ताशी ४५ ला गाडी सेकंदाला साडेबारा मीटर जाते, डोळ्याने बघून हाताने काही करेपर्यंत पाव सेकंद गेलं की तीन मीटर संपले, जवळजवळ अख्खी मारुती ८००. जो कोन तुम्हाला दिसतोय त्याचा निर्णय आधीच लागलेला असतो, बघायचं पुढच्या कोनाकडे.

मग टू-सीटर. आत बसतानाच कळतं, बसत नाही, आपण ती अंगात घालतो. ब्रेकचा फरक सगळ्यात आधी जाणवला, आणि त्याला कारण आहे: साठच्या स्पीडला या गाडीत १ लाख ३३ हजार ज्यूल ऊर्जा, माझ्या गाडीत १ लाख ८३ हजार, आणि थांबताना ती जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. स्लॅलममध्ये तर गाडी जणू विचारच करत नव्हती, मी वळवली की वळली, सोडली की सरळ. टू-सीटरच्या दुसऱ्या रनला वेळ तिच्यातल्या पहिल्या रनपेक्षा दीड सेकंद कमी, पण शेवटचा कोन मागच्या चाकाने उडवला, त्याचे दोन सेकंद दंड, म्हणजे हिशोबात मी अर्ध्या सेकंदाने मागेच. मित्राने यावर जे हसून घेतलं ते इथे लिहीत नाही.

रनच्या मध्ये त्याने टायरची हवा मोजली, सकाळी थंडीत ३० पीएसआय भरलेली ३४ वर गेली होती. टायर २५ डिग्रीवरून ५५ पर्यंत तापला की एवढी वाढ साध्या गॅसच्या नियमानेच होते, म्हणून लोक थोडी हवा सोडतात, काहीजण तर टायरवर पाणी मारून बसतात.

निघताना भाचीला मी एक गोष्ट दाखवली. सकाळी दोन्ही गाड्यांच्या टायरच्या खांद्यावर, म्हणजे जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, मी खडूने आडव्या रेघा मारून ठेवल्या होत्या, खडू अर्थातच क्लासमधला. टायर वळणावर किती आडवा कलंडतो ते रेघ कुठवर पुसली गेली यावरून कळतं. दोन्हीकडे हवा सारखीच होती. टू-सीटरच्या पुढच्या डाव्या टायरवर रेघ वरच्या टोकाला जराशी पुसलेली, बाकी शाबूत. माझ्या गाडीच्या त्याच टायरवर रेघ खांद्यावरून पार खाली, टायरच्या भिंतीवर छापलेल्या छोट्या त्रिकोणाच्याही पलीकडे गायब.

भाचीने दोन्हीचे फोटो काढले, मग तांदळाची गोणी उचलून डिकीत न टाकता मागच्या सीटच्या पायाशी नेऊन ठेवली.