परदेशातला दंड विमानात बसलं की मिटतो? नाही!

“दंड झाला तर होऊ दे, इटलीचा पोलीस काय राजारामपुरीत येणार आहे काय?” युरोपात भाड्याच्या गाडीने फिरायला निघालेल्या कोल्हापूरकरांना हा सल्ला वर्षानुवर्षं मिळतोय. पोलीस येणार नाही, हे खरं. पण म्हणून दंड संपतो, हे साफ चूक.

इटलीचंच घ्या. रोम, फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात ठरावीक वेळेत परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, चालकाला पत्ताही लागत नाही. गाडी कंपनीच्या नावावर, म्हणून विचारणा कंपनीकडे होते. कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवते आणि त्या कामाचे पैसे तुमच्या कार्डावरून कापते. बहुतेकांची गल्लत इथंच होते. कापलेले पैसे म्हणजे दंड नव्हे! दंडाची नोटीस वेगळी येते, आणि परदेशात राहणाऱ्याला ती ३६० दिवसांपर्यंत पाठवता येते. अशा दंडात नोटीस मिळाल्यापासून ५ दिवसांत भरणा केला तर ३० टक्के सूट असते. ६० दिवस उलटले की रक्कम वाढते.

स्वित्झर्लंडमध्ये न भरलेल्या दंडाचं रूपांतर तुरुंगवासाच्या दिवसांत होऊ शकतं. सिंगापुरात कोर्टाच्या तारखेला गैरहजर राहिलं तर अटक वॉरंट निघू शकतं. पुढं लेकीला भेटायला किंवा कामासाठी पुन्हा तिथं उतरायची वेळ आली, तर हे जुनं प्रकरण आडवं येऊ शकतं.

दुसऱ्या टोकाची भीतीही खोटीच: अशा एका दंडापायी भारतीय पासपोर्ट आपोआप रद्द होत नाही. नोटीस आली तर ती खरी आहे का ते तपासून ऑनलाइन भरा. चुकीची वाटली तर मुदतीत लेखी हरकत घ्या.