कोलेस्टेरॉलची गोळी नक्की करते काय?

बऱ्याच जणांना वाटतं की कोलेस्टेरॉलची गोळी रक्तवाहिनीत जाऊन तिथली चरबी खरवडून काढते, तुंबलेला पाइप साफ करावा तशी. तसं काही नसतं. तिचं खरं काम चालतं लिव्हरमध्ये, आणि गंमत म्हणजे एलडीएल, म्हणजे ते बदनाम ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उतरवणारी बहुतेक औषधं शेवटी एकच गोष्ट घडवून आणतात.

लिव्हरच्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर असतात, रक्तातले एलडीएलचे कण पकडून आत ओढणारे हातच म्हणा ना. हे काम शोधणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. काही जणांच्यात हे हात जन्मापासूनच कमी असतात किंवा नीट चालत नाहीत, मग सडपातळ असून आणि पथ्य पाळूनही रिपोर्ट वाईटच येतो, त्यात त्यांचा काही दोष नसतो.

आता स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलसाठी नेहमी दिली जाणारी गोळी. पेशी स्वतःपुरतं कोलेस्टेरॉल घरीच बनवते, स्टॅटिन त्यातलं एक एन्झाइम अडवतं, मग घरचा माल कमी पडला की पेशी आणखी हात बाहेर काढते आणि रक्तातला माल उचलायला लागते. पण डोस दुप्पट केला म्हणून परिणाम दुप्पट होत नाही हां, एलडीएल जेमतेम आणखी ६ टक्के उतरतं.

हे औषध सापडलं बुरशीत. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये पेनिसिलियम जातीच्या एका बुरशीत त्यांना पहिलं स्टॅटिन मिळालं. उंदरांना दिलं तर कोलेस्टेरॉल हलेचना! दुसरा कोणी असता तर तिथेच सोडून दिलं असतं, पण एंडोंनी ते कोंबड्यांवर करून बघितलं (अंड्यातल्या बलकात कोलेस्टेरॉल भरपूर, म्हणजे कोंबडी ते बनवतही भरपूर असणार) आणि तिथे ते चाललं. बाजारात मात्र पहिलं आलं ते दुसऱ्या एका बुरशीतून मिळालेलं लोव्हास्टॅटिन, १९८७ मध्ये. १९९४ साली ४४४४ हृदयरुग्णांवरच्या अभ्यासात सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यू साधारण ३० टक्के कमी दिसले, तेव्हा कुठे शंका घेणारे गप्प झाले.

इझेटिमाइब नावाचं दुसरं औषध आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही, लिव्हरला पुरवठा कमी, की परत हात वाढले. पीसीएसके९ नावाचं एक प्रोटीन या हातांना भंगारात पाठवतं, त्याला अडवणारी इंजेक्शनं निघालीत आणि ती एलडीएल ६० टक्क्यांच्या आसपास उतरवतात. इन्क्लिसिरान नावाचं इंजेक्शन तर ते प्रोटीन बनूच देत नाही, सुरुवातीचे दोन डोस झाले की वर्षातून दोनदाच टोचायचं.

एचडीएल, म्हणजे ते ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, वाढवायचे प्रयत्न मात्र फसले. टॉर्सेट्रॅपिब नावाच्या औषधाने आकडा मस्त वाढवला, पण मृत्यूही वाढले, २००६ मध्ये ते बंदच करावं लागलं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी एक चरबी, तिचं गणित वेगळं, ते फार चढलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते म्हणून तिथे फायब्रेट नावाची औषधं देतात.

आणि स्टॅटिनने अंग दुखतं म्हणतात, त्याचं काय? साइड इफेक्टमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं, तर खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्यातला ९० टक्के खोट्या गोळीवरही झाला. दुखणं खरंच होतं बरं का, कारण बहुतेक वेळा गोळीतलं औषध नव्हतं एवढंच. तरी स्नायू खूप दुखले आणि लघवी गडद झाली तर वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. असं क्वचित होतं पण होतं.

सगळ्यात कॉमन चूक वेगळीच आहे, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून स्वतःच गोळी बंद करणं. अहो, तो नॉर्मल आलाय गोळीमुळेच, ती थांबली की वाढलेले हात परत कमी होतात आणि काही आठवड्यांत एलडीएल जिथे होतं तिथे जाऊन बसतं.