वेस्टमिन्स्टर ॲबी कॅथेड्रल नाही

वेस्टमिन्स्टर ॲबीच्या फोटोखाली ‘वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल’ लिहिलेलं इतक्यांदा वाचलंय की आता एकदा नीट लिहितोच. ॲबी तुम्हाला ठाऊक आहे: लंडनला पार्लमेंटजवळची, १०६६ पासून राज्याभिषेक होतात ती. वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल नावाचं कॅथलिक चर्च तिथून थोडं चालत गेल्यावर लागतं. लाल विटांचं, बायझंटाइन धाटणीचं, पायाभरणी १८९५ ची. दोन्ही एकदा पाहिलीत की दिसण्यात गफलत होणार नाही.

गफलत शब्दाची आहे. उंच कमानी आणि रंगीत काचा दिसल्या की लोक ‘कॅथेड्रल’ म्हणून मोकळे होतात. पण हा शब्द आकाराचा नाही, गॉथिक शैलीचाही नाही. कॅथेड्रा म्हणजे आसन. बिशपचं आसन ज्या चर्चमध्ये, ते कॅथेड्रल. जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या शवासाठी गर्दी लोटते ती बॉम जेझूत, पण कॅथेड्रल आहे ते समोरचं ‘से’. त्या नावाचा अर्थच आसन.

ॲबी म्हणजे मठ, आणि त्याचा प्रमुख ॲबट, म्हणजे मठाधिपती. वेस्टमिन्स्टरला बेनेडिक्टाइन साधू राहत. तिसऱ्या हेन्रीने १२४५ मध्ये जुनं चर्च पाडून, फ्रान्समधल्या चर्चांकडे बघत, आजचं गॉथिक काम सुरू केलं. चर्चला लागून चौक, भोवती ओवऱ्या, आणि पूर्वेला अष्टकोनी चॅप्टर हाउस. साधू इथे रोज जमून आपल्या नियमांचा एक अध्याय वाचत, म्हणून हे नाव. १२५० च्या दशकातली फरशी अजून जागेवर आहे. सगळे सातव्या हेन्रीच्या चॅपलचं छत बघायला धावतात. माझ्या मते आधी ही फरशी बघावी.

मात्र ओवऱ्या दिसल्या म्हणजे ॲबीच, असंही धरू नका. कँटरबरी आणि डरहॅमला मठ होता आणि बिशपचं आसनही होतं. वेस्टमिन्स्टरचा मठ आठव्या हेन्रीने १५४० मध्ये बंद केला, तिथे बिशप नेमला, आणि तीच इमारत कॅथेड्रल झाली. १५५० मध्ये ते बिशपपद रद्द झालं. मेरी राणीच्या काळात साधू थोडी वर्षं परतले. १५६० मध्ये पहिल्या एलिझाबेथने चर्च थेट राजसत्तेखाली घेतलं, आणि आजही त्यावर कुठल्या बिशपचा अधिकार नाही.

आणि ज्यांच्यामुळे फोटोखाली ‘कॅथेड्रल’ लिहिलं जातं, ते पश्चिमेचे दोन मनोरे पूर्ण झाले १७४५ मध्ये. तेव्हा साधू जाऊन जवळजवळ दोनशे वर्षं झाली होती.